सखाराम पंडितांचं नागरिकत्व

मंडळी, सखाराम गणेश पंडित हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण आमच्या क्रमिक पुस्तकांत हे नाव कधी आलं नाही. निवृत्तीनंतर वाचनात आलं, आणि मग डोक्यातून जाईना.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'गोर्‍या' माणसाला नागरिक होता येई. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मुभा मिळाली. मग आपला माणूस कुठे बसतो? याचं उत्तर ज्या त्या न्यायाधीशावर अवलंबून! मुंबईचे पारशी कापूसवाले भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी गोरं मानलं. लॉस एंजेलिसमध्ये पंडितांनाही १९१४ साली नागरिकत्व मिळालं. त्यांनी तिथे वकिली सुरू केली, अमेरिकन मुलीशी लग्न केलं, संसार थाटला.

मग आलं १९२३ साल. भगतसिंग थिंड हे अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गंमत पाहा, याच न्यायालयाने तीनच महिने आधी ओझावा नावाच्या जपानी गृहस्थांना सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्यात येत नाही. थिंड म्हणाले, त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे. त्यावर उत्तर मिळालं की शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, सदरलँड!

इथवर फक्त थिंड हरले होते. पण सरकारने हा निकाल हातात धरून आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांचंही नागरिकत्व गेलं. हिंदुस्थानात येऊन जायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

पंडितांवरही नोटीस आली. ते स्वतःच वकील. 'मी गोरा आहे' या वादात अडकून न राहता त्यांनी वेगळाच मुद्दा मांडला. तुमच्याच न्यायालयाने सगळं तपासून मला नागरिक केलं. त्या शब्दावर विसंबून मी माझा व्यवसाय, घर, सगळं इथे उभं केलं. आता ते काढून घेतलंत तर माझी वकिली जाईल, माझ्या बायकोचंही नागरिकत्व धोक्यात येईल. खालच्या न्यायालयाने हे मान्य केलं, १९२६ साली अपील न्यायालयानेही केलं, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर सरकारने अशा बाकीच्या खटल्यांचा नाद सोडला.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण नव्याने येणार्‍यांसाठी कोटा वर्षाला फक्त १००! १९६५ च्या कायद्याने दार उघडलं आणि आपले डॉक्टर, इंजिनियर निघाले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाची मर्यादा ६५,००० ठरली. ती २००१ ते २००३ या वर्षांत १,९५,००० झाली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आली. ग्रीन कार्डांपैकी मात्र साधारणपणे कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. देश भारताएवढा असो की भूतानएवढा, मर्यादा तीच. त्यामुळे आपली रांग हलत नाही.

माझी भाची या रांगेत २०१५ पासून उभी आहे. मुलगा चार वर्षांचा असताना तिकडे गेला, आता विशीत आहे. एकवीस पूर्ण झाली की आईवडिलांच्या अर्जातून त्याचं नाव गळू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं तेव्हा ती इथे आलेली होती. जुन्या व्हिसावाल्यांना ते लागू नाही हा खुलासा दुसर्‍या दिवशी आला. पण ती एक रात्र आमच्या घरात कोणी झोपलं नाही. "मामा, आम्ही सगळं नियमाने केलं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

कोणाला घरात घ्यायचं हे घरमालकाने ठरवावं, याबद्दल माझं दुमत नाही. उद्या येणार्‍यांसाठी नियम बदला, खुशाल बदला. पण जो तुमच्या कालच्या नियमावर विसंबून आला, कर भरत राहिला, ज्याची मुलं तिथे मोठी झाली, त्याचं काय? पंडितांच्या हातात निदान न्यायालयाचा कागद होता. रांगेतल्या माणसाच्या हातात फक्त एक तारीख असते, आणि तारखेला कुठलंच न्यायालय नागरिकत्व मानत नाही.

तुमच्यापैकी कोणाचे नातलग या रांगेत असतील तर त्यांचे अनुभव जरूर लिहा. वाचायला आवडतील.