ओळींमधील अंतर (दस्तऐवज)

ओळींमधील अंतर किंवा ओळअंतर म्हणजे मजकुराच्या एकाखाली एक येणाऱ्या दोन ओळींमधील उभे अंतर. हे अंतर साधारणपणे एका ओळीच्या आधाररेषेपासून पुढील ओळीच्या आधाररेषेपर्यंत मोजले जाते. संगणक, टॅबलेट व मोबाइलवरील शब्दसंस्करण प्रणालींमध्ये (वर्ड, गूगल डॉक्स, पेजेस इत्यादी) हा परिच्छेदाचा गुणधर्म मानला जातो. त्यामुळे तो बदलल्यास साधारणपणे संपूर्ण परिच्छेद बदलतो, निवडलेला एखादा शब्द नव्हे.

देवनागरी लिपीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अशी दोन्ही बाजूंना चिन्हे येतात. त्यामुळे ओळअंतर अपुरे असल्यास मजकूर केवळ दाटीवाटीचा दिसत नाही, तर मात्रा, अनुस्वार किंवा उकार झाकला जाऊन शब्दाचा अर्थही बदलू शकतो.

## मोजमाप

ओळअंतर दोन प्रकारे सांगितले जाते.

पटीतील अंतर: एकपट (१.०), १.१५ पट, दीडपट (१.५), दुप्पट (२.०) इत्यादी. येथे 'एकपट' म्हणजे अक्षराच्या आकाराइतके अंतर नव्हे. प्रत्येक फाँटमध्ये ओळीची स्वाभाविक उंची नोंदवलेली असते आणि एकपट अंतर त्या उंचीइतके असते. उदाहरणार्थ, टाइम्स न्यू रोमन या फाँटमध्ये १२ पॉइंट आकाराच्या अक्षरांसाठी ही उंची सुमारे १३.८ पॉइंट असते. म्हणून त्याचे दीडपट अंतर १८ पॉइंट न होता सुमारे २०.७ पॉइंट होते.

निश्चित अंतर: पॉइंटमध्ये दिलेले ठरावीक माप. संगणकीय मुद्रणात १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजेच सुमारे ०.३५३ मिलिमीटर. निश्चित अंतरात अक्षरे मोठी केली तरी ओळींचे अंतर वाढत नाही.

वर्डमध्ये या दोहोंबरोबर 'किमान' हा तिसरा पर्याय असतो. त्यात दिलेल्या मापापेक्षा अंतर कमी होत नाही, परंतु एखाद्या ओळीत उंच अक्षर आल्यास ते आवश्यकतेनुसार वाढते.

## इतिहास

खिळे जुळवून छपाई करण्याच्या काळात दोन ओळींमध्ये जागा सोडण्यासाठी शिसे-मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या घातल्या जात. शिशाच्या इंग्रजी नावावरून या पट्ट्यांना 'लेड' आणि ओळअंतराला 'लेडिंग' हे नाव पडले. पट्टी न घालता जुळवलेल्या मजकुराला 'सॉलिड' म्हणत. १० पॉइंटच्या खिळ्यांमध्ये २ पॉइंटची पट्टी घातल्यास ती जुळणी '१० वर १२' अशी लिहिली जाई, आणि अक्षररचनाकार आजही मापे याच पद्धतीने लिहितात.

देवनागरीच्या हातजुळणीत मात्रा, रफार, अनुस्वार व उकार ही चिन्हे सांभाळणे हे कंपोझिटरचे विशेष कौशल्य होते. काही पद्धतींत ही चिन्हे स्वतंत्र खिळ्यांनी अक्षराच्या वर आणि खाली बसवावी लागत. त्यामुळे मजकुराची एक ओळ प्रत्यक्षात तीन थरांची होत असे. मुंबईत १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना सुबक देवनागरी टाइपासाठी प्रसिद्ध होता.

टंकलेखन यंत्रांवर ओळअंतर एकेरी, दीडपट व दुहेरी अशा टप्प्यांत बदलता येई. एकेरी अंतरात एका इंचात सामान्यतः सहा ओळी बसत, दुहेरी अंतरात तीन. हस्तलिखित दुहेरी अंतरात टंकलिखित करण्याची प्रथा संपादकाला ओळींच्या मध्ये दुरुस्त्या लिहिता याव्यात यासाठी रूढ झाली. एपीए व एमएलए या लेखनशैलींमध्ये ती आजही टिकून आहे.

संगणकावर सुरुवातीला हीच विभागणी आली. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये नवा दस्तऐवज एकपट अंतराने उघडत असे. २००७च्या आवृत्तीत मूलनिर्धारित अंतर १.१५ पट आणि परिच्छेदानंतरची जागा १० पॉइंट झाली, तर २०१३च्या आवृत्तीत ही मापे अनुक्रमे १.०८ पट व ८ पॉइंट अशी बदलली. गूगल डॉक्समध्ये मूलनिर्धारित अंतर १.१५ पट असते.

## देवनागरी लिपीतील ओळअंतर

लॅटिन लिपीतील अक्षरे आधाररेषेवर उभी असतात, तर देवनागरीतील अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार व अर्धचंद्र येतात. अक्षराच्या खाली उकार, ऋकार व पायमोडीचे चिन्ह येते, शिवाय 'ट्ट', 'ड्ड', 'द्ध', 'द्व' यांसारखी उभी जोडाक्षरे खालच्या बाजूस वाढतात.

एकाच शब्दात ही चिन्हे एकत्र येतात तेव्हा उभ्या जागेची गरज सर्वाधिक असते. 'मूर्तींना' या शब्दात पहिल्या अक्षराखाली दीर्घ उकार आहे आणि दुसऱ्या अक्षरावर वेलांटी, रफार व अनुस्वार अशी तीन चिन्हे आहेत. 'उद्धृत' या शब्दात उभ्या जोडाक्षराखाली पुन्हा ऋकार येतो. वरच्या ओळीत 'उद्धृत' आणि त्याच्या नेमके खाली 'मूर्तींना' आल्यास कमी अंतरात ऋकार आणि रफार एकमेकांना भिडतात.

निश्चित अंतर फार कमी ठेवल्यास ओळीच्या उंचीबाहेर जाणारी चिन्हे छाटली जाऊ शकतात. अनुस्वार दिसेनासा झाल्यास 'नंदी'चा 'नदी' होतो, रफार गेल्यास 'मार्ग'चा 'माग' होतो आणि उकार गेल्यास 'पूर'चा 'पर' होतो. टंकलेखनातील चूक शुद्धलेखन तपासणीत सापडू शकते. येथे मात्र फाइलमध्ये शब्द बरोबरच असतो, केवळ दिसताना वा छापताना चुकतो. त्यामुळे हा दोष डोळ्यांनी पाहूनच ओळखावा लागतो. अर्ज, प्रश्नपत्रिका, नावांच्या याद्या आणि औषधांच्या सूचना यांमध्ये तो विशेष गंभीर ठरतो.

लॅटिन लिपीतील सलग मजकुरासाठी अक्षराच्या आकाराच्या १२० ते १४५ टक्के ओळअंतर सामान्यतः पुरेसे मानले जाते. हेच प्रमाण देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाही, कारण त्याच आकाराच्या देवनागरी अक्षराला वर व खाली अधिक जागा लागते.

## फाँट आणि उपकरण यांचा परिणाम

ओळीची स्वाभाविक उंची फाँटच्या फाइलमध्ये नोंदवलेली असल्याने फाँट बदलताच पटीतील ओळअंतरही बदलते. मायक्रोसॉफ्टचा 'मंगल' आणि विंडोज ८ पासून आलेला 'निर्मला यूआय', अँड्रॉइडवर आढळणारा 'नोटो सान्स देवनागरी', आयपॅडवरील 'कोहिनूर देवनागरी' या प्रत्येकाचे एकपट अंतर वेगवेगळे दिसते. दस्तऐवजातील फाँट टॅबलेटवर उपलब्ध नसल्यास प्रणाली दुसरा फाँट वापरते. अशा वेळी अंतराचा आकडा तोच राहूनही ओळी जवळ किंवा दूर जातात आणि पृष्ठसंख्या बदलते.

ओपनटाइप फाँटमध्ये उभ्या मापांचे तीन संच असतात आणि सर्व कार्यप्रणाली त्यांपैकी एकच संच वापरत नाहीत. त्यामुळे तोच फाँट असूनही दोन उपकरणांवर ओळअंतरात फरक पडू शकतो. पानांची मांडणी कायम राखायची असल्यास दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात पाठवणे सोयीचे ठरते.

एका परिच्छेदात मराठी व इंग्रजी शब्द मिसळले असता वेगळी अडचण येते. पटीतील अंतरात प्रत्येक ओळीची उंची तिच्यातील सर्वांत उंच फाँटवरून ठरते. परिणामी, इंग्रजी परिच्छेदात एखाद्या ओळीत मराठी शब्द आल्यास तेवढीच ओळ उर्वरित ओळींपासून दूर सरकलेली दिसते. यावर दोन उपाय आहेत: दोन्ही लिप्या असलेला एकच फाँट वापरणे (उदा. एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता'), किंवा देवनागरी चिन्हांना पुरेल एवढे मोठे निश्चित अंतर देणे.

## टॅबलेटवर ओळअंतर बदलणे

आज्ञांची नावे निवडलेल्या भाषेनुसार आणि ॲपच्या आवृत्तीनुसार बदलू शकतात. सर्व ॲपमध्ये मूळ क्रम सारखाच असतो: परिच्छेद निवडणे, मांडणीची यादी उघडणे आणि अंतर ठरवणे. संपूर्ण दस्तऐवजासाठी बदल करायचा असल्यास मजकुरावर बोट दाबून धरून 'सिलेक्ट ऑल' निवडतात.

मायक्रोसॉफ्ट वर्ड: मजकूर निवडून 'होम' या विभागात जातात. तेथील परिच्छेद-मांडणीच्या चिन्हावर टिचकी दिल्यावर 'लाइन स्पेसिंग' हा पर्याय उघडतो आणि हवे ते माप निवडता येते. मोबाइलवर हा विभाग थेट दिसत नसल्यास आधी संपादनाच्या चिन्हावर टिचकी द्यावी लागते.

गूगल डॉक्स: दस्तऐवज संपादनासाठी उघडून परिच्छेद निवडतात, वरच्या पट्टीतील 'फॉरमॅट'च्या चिन्हावर टिचकी देतात आणि 'पॅराग्राफ' विभागात जातात. 'लाइन स्पेसिंग'समोरील बाणांनी अंतर वाढवता वा कमी करता येते. येथे अंतर पटीत दिले जाते.

पेजेस (आयपॅड): परिच्छेद निवडून रंगाच्या कुंचल्याच्या चिन्हावर टिचकी देतात आणि 'लाइन स्पेसिंग' उघडतात. पटीतील, किमान व निश्चित अंतराबरोबर येथे 'बिटवीन' हा पर्यायही मिळतो. त्यात ओळीची उंची न वाढवता केवळ दोन ओळींमधील मोकळी जागा वाढवली जाते.

संगणकावर दिलेले निश्चित अंतर फाइलमध्ये साठवलेले असल्याने ती टॅबलेटवर उघडल्यावरही कायम राहते. मराठी दस्तऐवजात चिन्हे छाटलेली दिसत असल्यास प्रथम अंतर पटीत बदलून पाहणे उपयुक्त ठरते. नवे माप ठरवताना 'उद्धृत', 'मूर्तींना', 'शुद्धी', 'पूर्वीं' असे वर-खाली चिन्हे असलेले शब्द दोन-तीन ओळींत एकाखाली एक लिहून पाहिल्यास अंतर पुरेसे आहे की नाही हे लगेच कळते.

## परिच्छेदांमधील अंतर

ओळअंतर आणि परिच्छेदांमधील अंतर हे स्वतंत्र गुणधर्म आहेत. एका परिच्छेदातील ओळी समान अंतरावर असूनही दोन परिच्छेदांमध्ये मोठी जागा दिसत असल्यास तिचे कारण सहसा परिच्छेदाच्या आधी किंवा नंतर सोडलेली जागा, नाहीतर 'एंटर' कळ दोनदा दाबून तयार झालेला रिकामा परिच्छेद हे असते. ओळअंतर कमी करून ही जागा नाहीशी होत नाही, उलट मजकुराच्या ओळी विनाकारण दाटतात.

## वाचनीयता व सुगम्यता

ओळ वाचून झाल्यावर डोळ्यांना पुढील ओळीच्या आरंभाकडे परतावे लागते. अंतर फार कमी असल्यास तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा एखादी ओळ सुटते, तर फार जास्त असल्यास मजकुराची सलगता तुटते. ओळ जितकी लांब, तितके अंतर अधिक लागते. म्हणून आडव्या धरलेल्या टॅबलेटवर, जेथे ओळी पडद्याच्या रुंदीनुसार लांबतात, तेथे उभ्या पडद्यापेक्षा अधिक अंतर सोयीचे वाटते.

वेब मजकुराच्या सुगम्यतेविषयीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांत (जून २०१८) असा निकष आहे की, वाचकाने ओळअंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट केले तरी मजकूर किंवा त्याची उपयुक्तता नष्ट होऊ नये. हे माप अक्षराच्या आकारावरून मोजलेले आहे. त्यामुळे ते शब्दसंस्करण प्रणालीतील 'दीडपट' अंतराशी तंतोतंत जुळत नाही.

## मर्यादा

पीडीएफ फाइलमध्ये प्रत्येक ओळीची जागा ठरलेली असल्याने केवळ वाचणाऱ्याला ओळअंतर सहसा बदलता येत नाही. बोटांनी पान मोठे केल्यास अक्षरे व अंतर त्याच प्रमाणात वाढतात. याउलट ॲपल बुक्ससारख्या ई-पुस्तक ॲपमध्ये वाचक स्वतःच्या सोयीने ओळअंतर ठरवू शकतो. हा बदल केवळ त्याच्या पडद्यावर दिसतो, मूळ पुस्तक तसेच राहते.

## हेही पाहा

- देवनागरी
- फाँट
- शब्दसंस्करण
- युनिकोड
- अक्षरजुळणी