साताऱ्याचा दत्तक

साताऱ्यात वकिली करताना जुनी दत्तकपत्रे हाताखालून जातात. पिवळट कागद, दत्तहोमाचा उल्लेख, देणाऱ्या बापाची सही. आईचे नाव शोधावे लागते.

याच साताऱ्यात 1848 साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांनी मृत्यूपूर्वी एक मुलगा दत्तक घेतला. धर्मशास्त्राने तो पुत्र झाला. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला गादीचा वारस मानले नाही आणि सातारा संस्थान खालसा केले. दत्तक खासगी मिळकतीला चालतो, राज्याला नाही, ही कंपनी सरकारची सोयीची फोड. मला तो उघड अन्याय वाटतो. झाशीच्या दत्तकपुत्र दामोदररावांच्या वाट्यालाही 1854 मध्ये तेच आले.

हे सारे दत्तक मुलगेच. मुलगी दत्तक घ्यायला हिंदू कायद्याची सर्वसाधारण मान्यता मिळाली 1956 साली. आणि नवऱ्याच्या संमतीने का होईना, विवाहितेला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा हक्क 2010 मध्ये.