यल्लाप्पा ते विहान

सीमाभागात बाळाचे नाव ठेवणे ही केवळ आवडीची बाब कधीच नव्हती. बेळगाव-खानापूर परिसरातील मराठी घरांत आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत होती. त्यामुळे यल्लाप्पा, मल्लाप्पा, कल्लाप्पा, नागाप्पा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. यल्लाप्पा हे नाव सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्मेचे, तर जोतिबा हे वाडी रत्नागिरीच्या दैवताचे. एकाच घरात दोन्ही नांदत. 'अप्प' हा पितृवाचक शब्द कानडी खरा. पण १७३९ साली वसई जिंकणारे चिमाजी आप्पाही तोच मान मिरवीत होते. नावाच्या शेवटी अप्पा आहे म्हणून घराची भाषा कानडी ठरत नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही मानत नाही. मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवीत. नको असलेल्या मुलीला नकुशी म्हणत. ती ओझी नव्या पिढीने उतरवली, हे योग्यच झाले.

परंतु विहान, कियान, रेयांश ही नावे आज दिल्लीत, पुण्यात आणि बेळगावात सारखीच. त्यांतून ना गाव कळते, ना कुलदैवत. नवे नाव अवश्य ठेवावे. पण बारशाला आजोबांचे नावही पाळण्यात घ्यावे. १९५६ साली सीमा आखताना आपल्याला कोणी विचारले नाही. नावातली खूण तरी आपण आपल्या हातांनी पुसू नये.