येरळेची वाळू आणि येरळेचे पाणी

नदीचा इतिहास म्हणजे केवळ तिच्या तीरावरील राज्यांचा व देवालयांचा इतिहास नव्हे. तिच्या पात्रातील वाळूलाही इतिहास असतो. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावून, वडूजवरून वाहत, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळणाऱ्या येरळा नदीच्या वाळूचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

येरळा ही दुष्काळी मुलखातील नदी. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे दिसते. परंतु वाळूच्या कणाकणांमधील पोकळीत पावसाळ्याचे पाणी साठून राहते व उन्हाने सहसा आटत नाही. काठच्या विहिरी त्यावरच जगतात. आपल्याकडील काळा पाषाण पाणी फारसे धरीत नाही, म्हणून हे वाळूचे कोठार अधिकच मोलाचे होय. वाळू उपसली म्हणजे पात्र खोल जाते, त्यामागोमाग विहिरींचे पाणी उतरते, पुढील पावसाचे पाणी न मुरता वाहून जाते, काठ ढासळतात व पुलांचे पाये उघडे पडतात.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. खानापूर तालुक्यातील कित्येक गिरणी कामगार गावी परतले, ते दुष्काळाच्याच दारात. त्यांच्या व शेतकऱ्यांच्या विचारविनिमयातून मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर हे तिचे एक अग्रणी. त्या काळी वाळूचा लिलाव सरकार करी, नफा ठेकेदार नेई आणि विहीर मात्र गावाची आटे. बलवडी व तांदुळवाडी येथील ग्रामस्थांनी या उपशास विरोध केला. मर्यादित वाळू विकण्याचा हक्क गावास मिळावा व त्या पैशातून नदीवर धरण बांधू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. दीर्घ झगड्यानंतर ती मान्य झाली. अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य व ग्रामस्थांचे श्रमदान यांतून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान हिस्सा, हे त्याचे तत्त्व होते.

वाळू तीच, नदीही तीच. ठेकेदाराच्या हाती तिने विहिरी कोरड्या केल्या. गावाच्या हाती, मोजून काढल्यामुळे, तिने पाणी अडविले. तेव्हा प्रश्न वाळू काढावी की नाही एवढाच नसून, ती कोणी, किती व कोणासाठी काढावी, हा आहे.

उपसा लहान असेल तर हानीही लहान, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नव्हे. एकाच पात्रात अनेक लहान खड्डे पडले म्हणजे त्यांची बेरीज मोठ्या खाणीएवढी होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार खटल्यात ५ हेक्टरांहून लहान क्षेत्रातील अशा उत्खननासही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरविली, ती याच विचाराने. तथापि निकाल कागदावर असतो आणि ट्रक रात्री नदीत उतरतो. मध्ये उभे राहावयाचे ते ग्रामसभेनेच.

आमची तरुण बांधवांस विनंती आहे की, त्यांनी दर चैत्रात गावच्या विहिरीतील पाण्याची पातळी मोजून वहीत नोंदवावी. लिलावाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा ती वही पुढे ठेवावी. घर बांधताना वाळू कोणत्या नदीची, हे विचारावे. दगड भरडून केलेली वाळू चालत असेल तेथे तीच घ्यावी. बलवडी-तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी केवळ वाळू राखली नाही, आपला हक्कही राखला. तो वारसा सातारा-सांगलीच्या प्रत्येक नदीकाठी चालविला जावो, हीच इच्छा.