‘टेस्ट ट्यूब बेबी’ : एक शब्द आणि एक श्रेय

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट पाहत असताना भिंतीवरच्या एका जाहिरातीत ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे शब्द वाचले. वास्तविक हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. नळीत बाळ वाढत नाही. संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी एकाच मासिक चक्रात अनेक स्त्रीबीजे पक्व करतात, सोनोग्राफीच्या आधारे सुईने ती बाहेर काढतात आणि उथळ बशीत शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवतात. तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडला जातो. तो रुजेलच असे नाही. इंजेक्शनांच्या त्या दहाबारा दिवसांत तपासणीसाठी वरचेवर जावे लागते. खाडीकाठच्या जोडप्याला शहराच्या या फेऱ्या उपचाराइतक्याच जड जातात.

या तंत्राने जन्मलेले जगातले पहिले मूल इंग्लंडमधील लुईस ब्राऊन, जन्म २५ जुलै १९७८. भारतात पहिले कोण? महाराष्ट्रात याचे उत्तर अनेक वर्षे एकच होते : ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली हर्षा. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे काम. महापालिकेचे रुग्णालय आणि सरकारी प्रयोगशाळा शेजारी होत्या, नोंदी काटेकोर होत्या, आणि त्यामुळे हा दावा टिकला.

परंतु कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच एक मुलगी जन्मली होती. त्यांनी इंजेक्शनांनी बीजे वाढवली होती आणि गर्भ गोठवून ठेवला होता. या दोन्ही गोष्टी आज सर्वत्र रूढ आहेत. ब्राऊनच्या वेळी मात्र नैसर्गिक चक्रातले एकच बीज वापरले होते. राज्य सरकारच्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा फेटाळला आणि पुढे त्यांची बदली नेत्रविभागात झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

पुढे त्यांच्या टिपणवह्या आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्या वाचून १९९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले, की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. म्हणजे ज्या यशात स्वतःचा वाटा होता त्याचेच ‘पहिले’ हे विशेषण त्यांनी स्वहस्ते काढून घेतले. हस्तलिखितांच्या आधारे कर्तृत्व ठरवण्याची आपल्याला सवय असते. तरीही स्वतःच्या विरुद्ध जाणारे पाठनिश्चितीचे असे उदाहरण मला आपल्या क्षेत्रात चटकन आठवत नाही. (गांधारीच्या कुंभांत हे तंत्र शोधणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे. तिथे कथा आहे, वही नाही.)

साहित्याने मात्र या माणसाची दखल आधीच घेतली होती. रमापद चौधुरींच्या ‘अभिमन्यु’ या कादंबरीवरून तपन सिन्हांनी १९९० मध्ये ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यातला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो. नोकरशाही, मत्सर, बदली हे सारे त्यात आहे. ते बाळ तेवढे नाही.