'एपिऊसिओस'चा शोध : शब्दसूची, संगणक आणि नकाराचा पुरावा

एखादा शब्द एखाद्या वाङ्मयात आढळतो, असे म्हणण्यास एक उदाहरण पुरते. तो आढळत नाही, असे म्हणावयाचे असेल तर मात्र ते सर्व वाङ्मय वाचलेले असावे लागते. होकार आणि नकार यांच्या पुराव्यांतील ही विषमता भाषाभ्यासात जुनीच आहे. संगणकीय शोधाने ती संपुष्टात आणली, असा समज गेल्या काही दशकांत रूढ झाला. आद्य ख्रिस्ती ग्रीक वाङ्मयातील एका शब्दाचा इतिहास या समजाची मर्यादा स्पष्ट करणारा आहे.

'एपिऊसिओस' हा तो शब्द. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीचे विशेषण म्हणून तो येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:११) आणि लूकच्या शुभवर्तमानात (११:३) तो आहे. शिवाय 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती आचारग्रंथाच्या आठव्या प्रकरणातही हीच प्रार्थना येते. फिलोथेओस ब्रिएनिओस यांना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडलेल्या, १०५६ सालच्या हस्तलिखितातून 'दिदाखे' १८८३ मध्ये प्रकाशित झाला. तिन्ही स्थळे एकाच प्रार्थनेची असल्याने ती परस्परांचा स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. शब्दाचा अर्थ 'उद्याची', 'आजच्या दिवसापुरती', 'जगण्यास आवश्यक' की 'द्रव्यातीत', याविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने मत्तयाच्या लॅटिन पाठात 'द्रव्यातीत' या अर्थाचा शब्द घातला आणि लूकच्या पाठात 'दैनिक' हा जुना शब्द तसाच ठेवला. एकाच ग्रीक शब्दाची एकाच भाषांतरात अशी दोन रूपे झाली. मराठी भाषांतरात रुळलेले 'रोजची' हे विशेषणही या दीर्घ वादातील एका पक्षाचाच स्वीकार होय.

या शब्दाविषयीचे पहिले महत्त्वाचे नकारात्मक विधान ओरिगेन या आचार्याचे आहे. इ. स. २३३ च्या सुमारास लिहिलेल्या प्रार्थनाविषयक ग्रंथात तो सांगतो, की हा शब्द ग्रीक विद्वानांच्या लेखनात नाही, सामान्यांच्या बोलीतही रूढ नाही. तो शुभवर्तमानकारांनीच घडविलेला दिसतो. ओरिगेनपाशी शब्दसूची नव्हती. त्याच्या विधानामागे होते ते आयुष्यभराचे वाचन आणि ग्रीक ही मातृभाषा असलेल्या माणसाचा कान. अशा विधानाला प्रमाण किती मानावयाचे, हा प्रश्न पुढील सोळा-सतरा शतके अनुत्तरित राहिला.

वाचकाच्या स्मृतीचे काम साधनाकडे सोपविण्याची परंपरा मध्ययुगात सुरू झाली. तेराव्या शतकात पॅरिस येथील डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची सिद्ध झाली. ग्रीकच्या क्षेत्रात हॅच व रेडपाथ यांची 'सेप्टुअजिंट'ची सूची आणि मोल्टन व गेडन यांची नव्या कराराची सूची १८९७ पर्यंत पूर्ण झाली. एडगर गुडस्पीड यांनी १९०७ मध्ये प्रेषितकालीन आचार्यांच्या लेखनाची सूची दिली. लॅम्प यांचा आचार्यांच्या ग्रीकचा कोश १९६१ ते १९६८ या काळात ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. या साधनांनी शोध सुलभ केला खरा, पण प्रत्येकाची कक्षा ठरावीक होती. मीन्य यांच्या ग्रीक आचार्यमालेचे १६१ खंड एका माणसाने एका शब्दासाठी चाळणे अशक्यच होते.

दरम्यान ओरिगेनच्या विधानाला छेद देणारा एक पुरावा पुढे आला. फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या पपायरसांचे वाचन आर्चिबाल्ड सेस यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांत घरखर्चाच्या एका हिशेबात शेवट तुटलेला 'एपिऊसि…' असा शब्द छापला गेला. फ्रीडरिश प्रायझिगके यांनी १९१५ च्या आपल्या पपायरससंग्रहात तो पाठ क्रमांक ५२२४ खाली समाविष्ट केला, आणि १९२५ मध्ये आल्बर्ट डेब्रुनर यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. घरखर्चाच्या यादीत हा शब्द येत असेल, तर तो शुभवर्तमानकारांनी घडविलेला नव्हे. तो बाजारातला, रोजच्या शिध्याचा शब्द ठरतो. नव्या कराराची ग्रीक ही तत्कालीन सर्वसामान्यांची बोली होती, या त्या काळी प्रबळ होत असलेल्या मताला हा पुरावा पोषक होता. 'दैनिक' या अर्थाचे पारडे त्यामुळे जड झाले. ब्रूस मेट्झगर यांनी १९५७ मध्ये हा शब्द प्रार्थनेबाहेर आढळल्याचे सर्व दावे तपासले, तेव्हा हा एकच पपायरस उरला. अडचण अशी, की मूळ पपायरस कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. विवाद चालू होता तो छापील वाचनाच्या आधारे.

याच सुमारास संगणक या क्षेत्रात येऊ लागला. रोबेर्तो बुसा या जेझुइट पंडिताने १९४९ पासून आय.बी.एम.च्या साहाय्याने थॉमस अक्वायनसच्या लॅटिन लेखनाची सूची सुरू केली होती. ग्रीकसाठी निर्णायक ठरला तो 'थिसॉरस लिंग्वे ग्रीके' हा प्रकल्प. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत तो १९७२ मध्ये सुरू झाला. डेव्हिड पॅकार्ड यांनी ग्रीक अक्षरे, स्वराघात व श्वासचिन्हे रोमन लिपीत नोंदविण्यासाठी 'बीटा कोड' ही पद्धती आणि शोधासाठी 'आयबिकस' हा संगणक सिद्ध केला. संहितांची पहिली सीडी-रॉम १९८५ मध्ये निघाली. २००० सालच्या चकतीत सुमारे ७ कोटी ६० लाख शब्द होते. १९९० च्या दशकात 'लोगोस', 'बायबलवर्क्स', 'ॲकॉर्डन्स' यांसारख्या आज्ञावलींनी हे सामर्थ्य खाजगी मेजावर आणले. यांतील 'बायबलवर्क्स' २०१८ मध्ये बंद पडली.

यंत्र शोधते ते अक्षरांची मालिका. शब्द ही संकल्पना त्याला कोणीतरी पुरवावी लागते. स्वरचिन्हे वगळून 'एपिऊसि' ही अक्षरे शोधली, तर हा शब्द सर्व विभक्तिरूपांत मिळतो. तीच मालिका एका अक्षराने आखूड केली, की प्रेषितांच्या कृत्यांतील 'एपिऊसे', म्हणजे 'येणाऱ्या दिवशी', हे कृदंतही समोर येते (७:२६, १६:११). ही दोन रूपे एकाच धातूची मानावीत काय, हाच तर मूळ वाद आहे. मूळ रूपानुसार शोध देणाऱ्या आज्ञावलीत या वादाचा निर्णय वर्गीकरण करणाऱ्याने अगोदरच घेतलेला असतो. शोधणाऱ्याला निष्कर्ष दिसतो. निर्णय दिसत नाही.

तरीही यंत्राने मोठे काम केले. प्राचीन ग्रीक साहित्यात हा शब्द ख्रिस्ती लेखकांकडेच मिळतो आणि त्यांच्याकडेही प्रार्थनेच्या विवेचनाच्या अनुषंगानेच येतो, ही गोष्ट क्षणात पडताळता येऊ लागली. परंतु हा संग्रह प्रामुख्याने साहित्याचा आहे. हिशेब, पावत्या, खाजगी पत्रे यांचे पपायरस ड्यूक विद्यापीठाच्या वेगळ्या संग्रहात गेले. शिवाय दोन्हीकडे नोंदविला जातो तो संपादकाने छापलेला पाठ. सेस यांचे वाचन चुकीचे असेल, तर यंत्र ती चूक अचूकपणे शोधून देणार.

आणि ते चुकीचेच होते. हरवलेला पपायरस १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सापडला. नाइमान आणि वोर्प यांनी १९९९ मध्ये त्याचे नवे वाचन प्रसिद्ध केले : तेथे 'एपिऊसि…' नसून 'एलाइऊ', म्हणजे 'तेलाचे', असा साधा शब्द आहे. सात दशके एका अर्थाला आधार देणारा पुरावा तेलाच्या खर्चाची नोंद ठरला. हा निर्णय शब्दशोधातून झाला नाही. तो मूळ पत्रावरील शाई पुन्हा पाहणाऱ्या डोळ्यांनी झाला.

ओरिगेनचे विधान आज पुन्हा उभे आहे. मात्र त्यावरून 'रोजची' हा अर्थ चुकीचा ठरत नाही. पपायरसाचा आधार गेला, एवढेच सिद्ध होते. तसेच 'शब्द आढळत नाही' याचा अर्थ 'शब्द नव्हता' असा होत नाही. इजिप्तच्या वाळूतून निघालेले असंख्य पपायरस अद्याप अप्रकाशित आहेत आणि बोलीतील बहुतांश शब्द तर कधी लिहिलेच गेले नाहीत. संगणकाच्या नकारामागे संग्रहाची सीमा, संपादकाचा पाठ आणि वर्गीकरणाचा निर्णय अशा तीन अटी असतात. ओरिगेनचा नकार एका वाचकाच्या नावावर होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत असे. पडद्यावर उमटणाऱ्या शून्याखाली कोणाचीच सही नसते. त्या शून्यामागील तीन अटी नोंदवून मगच त्याचा पुरावा म्हणून वापर करणे, ही जबाबदारी अभ्यासकाचीच राहते.