सेंटर फॉर ब्रेन अँड माइंड, बंगळुरू

गंभीर मानसिक आजारांच्या संशोधनासाठी बंगळुरूतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था (निम्हान्स) आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) यांचे संयुक्त केंद्र. रोहिणी निलेकणी फिलान्थ्रॉपीजने २०२३ मध्ये त्यासाठी पाच वर्षांकरिता १०० कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. व्यसनाधीनता, द्विध्रुवीय विकार, स्मृतिभ्रंश, मंत्रचळ (ओसीडी) आणि स्किझोफ्रेनिया हे अभ्यासाचे विषय. एकाच घरात अनेकजण आजारी असलेल्या कुटुंबांचा येथे वर्षानुवर्षे मागोवा घेतात. त्यांच्या रक्तपेशींपासून स्टेम सेल आणि त्यांतून चेतापेशी वाढवून तपासतात. अजून निरोगी असलेल्या भावंडांत आजाराच्या पूर्वखुणा सापडल्या, तर उपचार लवकर सुरू करता येतील, ही अपेक्षा. असे काम वर्ष-दोन वर्षांच्या अनुदानावर उभे राहत नाही. दीर्घ मुदतीच्या देणगीचे मोल त्यामुळेच मोठे. मात्र उपचार रुग्णांपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवांवरील संशोधनालाही तितकाच पैसा मिळायला हवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निधीतून निम्हान्सने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ (१४४१६) ही दूरध्वनी सेवा याच रुग्णांसाठी आहे.